जुना रिपोर्ट पुन्हा वाचताना

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवसाहेबांनी मला सांगितलं, "काका, आरोग्यावर दहा मिनिटं बोला." मी डॉक्टर नाही. बी.कॉम. झालो आणि आयुष्यभर बँकेत आकडे जुळवले. त्यामुळे शुगर आणि गुडघे या विषयांना मी हात लावत नाही. त्यातले तज्ज्ञ आपल्या गोराईत प्रत्येक कट्ट्यावर बसलेले आहेत. मी बोलणार आहे तो एका कागदाबद्दल. आपल्यातल्या काही घरांत तो कपाटात फाइलला लावून ठेवलेला असेल. जेनेटिक टेस्टचा रिपोर्ट. त्यावर शेवटी लिहिलेलं असतं की आजाराचं कारण सापडलं नाही, किंवा एक बदल सापडला पण त्याचा अर्थ अनिश्चित आहे. घरचे ते वाचतात, हजारो रुपये गेले म्हणून हळहळतात आणि फाइल बंद करतात.

ती फाइल बंद करू नका, एवढंच मला सांगायचं आहे.

चाचणी विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देते. याचं उत्तम उदाहरण आपल्या मुंबईतलंच आहे. १९५२ साली परळच्या केईएममधले डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एका नव्या रक्तगटाची माहिती छापली. तोच आज जगभर 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणून ओळखला जातो. या माणसांची नेहमीची तपासणी केली तर गट 'ओ' येतो. पण 'ओ' गटाचं रक्त त्यांना चालत नाही, चढवलं तर जिवावर बेतू शकतं. कारण नेहमीची तपासणी फक्त ए आणि बी बघते. त्यांच्या मुळाशी असलेला 'एच' नावाचा पदार्थच या लोकांच्या रक्तपेशींवर नसतो, आणि तो आहे का हे कुणी विचारलेलंच नसतं. हा गट आई-वडील दोघांकडून वारशाने येतो. कोणत्या जीनमधल्या बिघाडामुळे असं होतं, हे कळायला १९९० चं दशक उजाडलं. म्हणजे मधली चाळीस वर्षं निरीक्षण बरोबर होतं, कारणाची जागा मात्र रिकामी होती.

आता आजच्या टेस्टकडे येऊ. 'एक्झोम' नावाची जी तपासणी करतात, तिच्यात आपल्या डीएनएचा प्रथिनं बनवण्याच्या सूचना असलेला भाग वाचतात. तो सगळ्या डीएनएच्या फार तर दोन टक्के. प्रत्येक माणसात त्यात हजारो बदल निघतात. बहुतेक निरुपद्रवी असतात, जसं एकाचं नाक लांब तर दुसऱ्याचं बसकं. त्यातला आजाराचा बदल कोणता, हे ठरवायला आधीची माहिती लागते. या जीनमुळे हा आजार होतो, असं तोवर कुणी सिद्ध केलं असेल तरच प्रयोगशाळा बोट ठेवणार. नाहीतर तो बदल अनिश्चित म्हणून बाजूला काढणार.

आम्हा बँकवाल्यांना ही भानगड चांगली कळते. ज्या रकमेचा धनी सापडत नाही ती आम्ही 'सस्पेन्स'मध्ये टाकायचो. सस्पेन्समध्ये टाकली म्हणजे ती चोरीची ठरत नाही आणि कुणाच्या खात्यात जमाही होत नाही. पुढे कधीतरी व्हाउचर येतं, सही जुळते, मग एंट्री फिरवायची. आणि ऑडिटर आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "सस्पेन्समधल्या जुन्या एंट्र्या का पडून आहेत?" जेनेटिक रिपोर्टला मात्र ऑडिटर नसतो. तो आपल्यालाच व्हावं लागतं.

याने फरक किती पडतो? ब्रिटनमध्ये वाढीचे गंभीर दोष असलेल्या मुलांचा एक मोठा अभ्यास झाला. त्यातल्या पहिल्या १,१३३ कुटुंबांपैकी साधारण २७ टक्क्यांना निदान मिळालं होतं. काही वर्षांनी त्यांचीच जुनी माहिती नव्या ज्ञानाच्या उजेडात पुन्हा तपासली, तेव्हा हा आकडा ४० टक्क्यांवर गेला. हा निकाल २०१८ साली छापून आला.

आमच्या घरातलं सांगतो. माझ्या पुतण्याची मुलगी उशिरा बोलायला लागली, चालताना तोल जायचा, मधूनच फिट यायची. ती तीन वर्षांची असताना टेस्ट झाली, रिपोर्ट कोरा आला. त्यानंतर जे घरोघरी होतं ते झालं. कुणी सुनेच्या माहेरचं खानदान काढलं, कुणी ग्रहण काढलं. नवरा-बायकोने दुसरं मूल होऊ द्यायचं नाही असं ठरवलं, आणि तो विषय घरात बंद झाला. सहा वर्षांनी एका तरुण डॉक्टरणीने जुनी फाइल मागवून घेतली आणि प्रयोगशाळेला तोच डेटा पुन्हा बघायला लावला. पोरीला नवीन सुई टोचली नाही. मधल्या काळात एका जीनचा अशा आजाराशी संबंध सिद्ध झाला होता, आणि त्या जीनमधला बदल तिच्या डेटात पहिल्या दिवसापासून होता. मग आई-वडिलांचं रक्त तपासलं. तो बदल आईत नाही, वडिलांतही नाही. मुलीतच नव्याने झालेला.

औषध काही सापडलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. फिटच्या गोळ्या त्याच आहेत. पण दुसऱ्या मुलात तोच आजार येण्याची शक्यता फारच कमी, साधारण शंभरात एक, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ती सून डॉक्टरांसमोर ढसाढसा रडली. सहा वर्षं ती काय मनात घेऊन वावरत होती, ते आम्हाला त्या दिवशी कळलं.

प्रत्येकाच्या बाबतीत असंच निघेल असं नाही. दोन्ही पालक वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक धोका असतो, थॅलेसेमियासारखा. पण तेव्हाही दोष एकट्या सुनेचा नसतो. एक प्रत तिच्याकडून, एक आपल्या चिरंजीवांकडून. सासूबाईंनी हे जरूर ऐकावं. सासऱ्यांनीही.

उलटी बाजूही आहे. कॅन्सरच्या जीनमध्ये "अनिश्चित" बदल निघाला म्हणून घाबरून मोठं ऑपरेशन करून घेऊ नये. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत असं दिसलं की ज्या अनिश्चित बदलांचा पुढे निकाल लागला, त्यातले दहापैकी नऊ निरुपद्रवी ठरले. आपल्याकडे तर ही अनिश्चितता जास्तच, कारण तुलनेसाठी वापरलेली बरीचशी माहिती युरोपीय वंशाच्या लोकांची होती. आता 'जीनोम इंडिया' प्रकल्पात १०,००० भारतीयांचे जीनोम वाचून झाले आहेत आणि जानेवारी २०२५ मध्ये तो डेटा संशोधकांना खुला झाला. आपल्याकडे सर्रास आढळणारा बदल आजाराचा नसतो, हे आता आपल्याच माणसांवरून पडताळता येईल.

तर करायचं काय? रिपोर्टबरोबर मूळ डेटाही मागून घ्या. तो काही जीबींचा असतो, पेनड्राइव्हवर किंवा लिंकने देतात. नातवंडांना सांगा, दोन ठिकाणी ठेवतील. दोन-एक वर्षांनी, किंवा नवीन लक्षण दिसलं, किंवा घरात लग्न-बाळाचा विचार सुरू झाला, की जेनेटिक्सच्या डॉक्टरांकडे जाऊन "हे पुन्हा बघता का?" असं विचारा. फी आधी विचारा. जुनी तपासणी मर्यादित असेल तर नवीन करायला सांगतील, कारण जो भाग वाचलाच नाही तो पुन्हा वाचणार कसा? केईएम हे केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणाखालचं एक विशेष केंद्र आहे. धोरणात बसणाऱ्या आजारांवर अशा केंद्रांतल्या उपचारांसाठी ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. पण आजाराला नाव असल्याशिवाय अर्जाच्या रकान्यात लिहिणार काय?

भाषण संपल्यावर मागच्या रांगेतल्या एका वहिनींनी हळूच विचारलं, "भाऊजी, मूल गेलं असेल तर तो कागद ठेवून काय उपयोग?" वहिनी, तोच सगळ्यात आधी जपायचा. त्याच्या बहिणीचं उद्या लग्न होईल, तिला लागेल. मावशीच्या मुलांना लागेल. प्रयोगशाळेत नमुना शिल्लक आहे का, तेही फोन करून विचारा. फाइल सापडली की माझ्याकडे घेऊन या, आपण दोघं बसून अर्ज लिहू.