युल्त्सेनचे जंक्शन



उत्तर जर्मनीत हॅनोव्हरहून हँबुर्गकडे जाताना युल्त्सेन नावाचे गाव लागते. आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गावाएवढे. त्याचे नाव झाले ते स्टेशनामुळे. रंगीबेरंगी खांब, त्यांवर सोनेरी गोळे, छपरावर गवत! हुबर्ट श्टीर यांनी १८८७ साली बांधलेल्या जुन्या इमारतीला व्हिएन्नाचे चित्रकार हुंडर्टवासर यांनी हा नवा साज चढवला. काम पुरे होण्यापूर्वीच, फेब्रुवारी २००० मध्ये, ते समुद्रप्रवासात वारले. आता लोक तेथे मुद्दाम स्टेशन पाहायला उतरतात.

आमची त्याला हरकत नाही. फरशी बसवणाऱ्या कारागिराचा हात मोकळा सोडावा, असा त्या कलावंताचा आग्रह असे. मालकांच्या तोंडून असले काही ऐकण्याचा योग आम्हांला आजवर आलेला नाही! पण रंगाने डोळे दिपले, की रूळ दिसत नाहीत.

हॅनोव्हरकडून हारबुर्गला जाणारी गाडी येथे १८४७ साली आली. १८७३ साली श्टेंडालहून ब्रेमेनच्या दिशेने जाणारी आडवी वाट तिला मिळाली आणि गावाचे जंक्शन झाले. या वाटेला 'अमेरिका लाइन' म्हणतात. पोटासाठी देश सोडणारी माणसे बोचकी घेऊन या वाटेने ब्रेमरहाफेनच्या बोटी गाठीत.

पुढे नाझी राजवटीने नोयेनगामे छळछावणीची एक शाखा येथील साखर कारखान्याच्या आवारात उघडली. १९४५ च्या आरंभीच्या महिन्यांत शेकडो कैद्यांना बाँबहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेल्या स्टेशनाचा ढिगारा उपसायला जुंपले. पोटाला पुरेसे अन्न नाही, मजुरीचे तर नावच नको. खरे म्हणजे या स्टेशनाची हकिगत त्यांच्यापासून सुरू करावयास हवी होती. आम्हीही सोनेरी गोळ्यांपासूनच केली, हे कबूल करतो.

युद्ध संपले आणि देशाची फाळणी झाली. गावाच्या पूर्वेला सरहद्द आली, श्टेंडालची वाट तुटली. १९९० साली जर्मनी एक झाली. दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी सह्या केल्या. पण सह्यांवरून गाडी धावत नाही. खडी पसरावी लागते, स्लीपर टाकावे लागतात. गँगच्या माणसांनी ते काम केले, तेव्हा कोठे डिसेंबर १९९९ मध्ये त्या वाटेने पुन्हा गाडी सुटली. रंगीत स्टेशनाचे उद्घाटन झाले, ते त्यानंतर अकरा महिन्यांनी.