नवजात बाळाची कावीळ

जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुष्कळ बाळांच्या कांतीवर दिसणारी पिवळी झाक, तांबड्या रक्तपेशींच्या विघटनातून निर्माण होणारे बिलिरुबिन हे रंगद्रव्य कोवळ्या यकृताला पुरेशा वेगाने बाहेर टाकता न आल्यामुळे उमटते आणि बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरते. मात्र पहिल्या २४ तासांतच दिसलेली किंवा तळपायांपर्यंत उतरलेली कावीळ साधी मानता येत नाही. रक्त तपासून बिलिरुबिन मोजावेच लागते, कारण ते फार वाढल्यास मेंदूला कायमची इजा होऊ शकते. डोळे झाकून बाळाला निळ्या प्रकाशाखाली ठेवल्यास त्वचेतील बिलिरुबिनचे रूप पालटते व ते पित्त आणि लघवीवाटे निघून जाते. १९५० च्या दशकात इंग्लंडमधील एका परिचारिकेच्या, जीन वॉर्ड यांच्या, निरीक्षणातून पुढे आलेल्या या उपचाराची जागा घरोघरचे कोवळे ऊन घेऊ शकत नाही.