तांबडा विंचू आणि आपली मुले
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मुलांच्या जपणुकीविषयी चार शब्द बोलावेत, अशी मंडळाने मला आज्ञा केली. मी सातवीपर्यंत शिकलेली, घर सांभाळणारी बाई. आहार, लसी यांविषयी आपल्या अंगणवाडीच्या बाई माझ्याहून चांगले सांगतात. म्हणून मी एकच विषय घेते, तो म्हणजे विंचू.

आपल्याकडे १९८९ साली बंदर सुरू झाले, २०२४ साली समुद्रावरचा मोठा पूल झाला, घरात लाद्या आल्या. पण परसात सरपण, झावळ्या, जुनी जाळी आणि उरलेल्या विटा आहेतच की! विंचू दिवसा तिथे दडतो आणि रात्री बाहेर निघतो. मोठी काळी इंगळी दिसली की आपण किंचाळतो, आणि लहानसा तांबडा विंचू चपलेने मारून कामाला लागतो. खरा घातकी हा तांबडाच. त्याचे विष मोठ्या माणसाला आणि मुलाला सारखेच टोचले जाते, पण मुलाचे अंग ते केवढे!

दंशाच्या जागी नुसता ठणका असेल तर बहुधा निभावते. मुलाला दरदरून घाम फुटला, ओकाऱ्या झाल्या, तोंडाला लाळ सुटली, हातपाय गार पडले, तर विष अंगात भिनले असे समजावे. मग हृदयावर ताण येतो, फुफ्फुसात पाणी भरते, मुलाला धाप लागते. अशा वेळी मूल फारसे रडतही नाही, आणि आपण म्हणतो, "बरे वाटले वाटते, झोपले."

विंचू उतरवणारे आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. त्यांचा मी अनादर करीत नाही. पण पुष्कळांचा ठणका एक दिवसात आपोआप उतरतो आणि यश मंत्राला मिळते. ज्याच्या अंगात विष भिनले, त्या लेकराचा मोलाचा वेळ मात्र अंगणात जातो. सासूबाईंनी आग्रहच धरला तर म्हणावे, "मंत्र गाडीत म्हणा, पण गाडी निघू द्या."

यावर उपाय सापडला तो आपल्याच रायगड जिल्ह्यात. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात आले. डोळ्यांदेखत विंचवाने मुले दगावताना त्यांनी पाहिली. रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची गोळी यावर चालते, हे त्यांनी रुग्णांपाशी बसून, निरखून सिद्ध केले. १९८२ साली 'लॅन्सेट' या विलायतेतील वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे लेखन आले. विष भिनलेल्या शंभरांपैकी पूर्वी सुमारे तीस जण दगावत. या गोळीने ते प्रमाण एकाच्या आसपास आले. पुढे त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी २०११ साली दाखवून दिले की, गोळीच्या जोडीला विंचवाच्या विषावरची लस दिली तर रोगी अधिक लवकर सावरतो. २०२२ साली डॉक्टरांना पद्मश्री मिळाली. महाडच्या माणसाने जगाला शिकवले, आणि आपण मात्र अजून कांदा चोळतो, याचे मला नवल वाटते.

ही गोळी घरी आणून ठेवू नका. रक्तदाब एकदम उतरतो, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची असते. घरी एवढेच करावे: मुलाला निजवून धीर द्यावा, दोरी आवळू नये, चीर पाडू नये, पाजायला काही पाला-मुळी देऊ नये. मूल लहान असेल तर घाम येण्याची वाट न पाहता निघावे. ट्रेलरची रांग लागली की उरण काय, पनवेल काय, दोन्ही लांब होतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

बाकी रोजचे म्हणाल तर, निजताना अंथरूण झटकावे, मुलांचे बिछाने भिंतीपासून दूर घालावेत, मच्छरदाणी गादीखाली खोचावी. शाळेचे बूट मुलांनी आपटूनच घालावेत. सरपण भिंतीला लावून रचू नये. पावसाळ्याआधी भिंतीच्या भेगा बुजवाव्यात. हे काम मात्र घरच्या पुरुषांकडून करवून घ्यावे लागते, आणि त्याला चार वेळा सांगावे लागते!

आणखी एक विनंती मंडळाला. रात्री-अपरात्री कोणाची गाडी निघू शकेल, याची आळीवार यादी करून ती १०८ या रुग्णवाहिकेच्या क्रमांकासह मंडळाच्या फळ्यावर लावावी. आमच्या आळीतली नावे मी आजच लिहून आणली आहेत.