'रिइंबर्स' आणि 'फेडणे'



युनियनच्या कचेरीत बसणाऱ्या आमच्यासारख्यांच्या कानांवर एक इंग्रजी क्रियापद सारखे आदळते: 'रिइंबर्स'. दवाखान्याचे बिल रिइंबर्स झाले का? प्रवासभाडे कधी होणार? सरकारी मराठीत त्याला 'प्रतिपूर्ती' म्हणतात. पण तो शब्द बिलावरून खाली उतरून कामगाराच्या तोंडी कधी आला नाही.

आम्ही कोश उघडला. लॅटिनमध्ये 'बुर्सा' म्हणजे थैली, आणि त्यामागचा ग्रीक शब्द चक्क कातड्याचा. 'पर्स' ही त्याच घराण्यातली. 'इम्' म्हणजे आत, 'री' म्हणजे परत. सतराव्या शतकाच्या प्रारंभी इंग्रजीत रुळलेल्या या शब्दाचा अर्थ एवढाच, की थैलीतून गेलेले पैसे पुन्हा थैलीत घालणे. आपले आजोबा कमरेला कसा बांधीत, त्या कशात.

पण थैली आधी भरलेली होती, हे या शब्दाने गृहीतच धरले आहे! विडी वळणाऱ्या बाईचे मूल आजारी पडले, तर तिने आधी खर्च करावा आणि मग बिल जोडावे. ती कुठून करणार? व्याजाने पैसे काढते. काही महिन्यांनी बिलाची रक्कम पै न पै मिळते. पण मधल्या व्याजाची पावती कोण जोडून घेतो? कागदावर प्रतिपूर्ती पुरी झाली, घरात मात्र व्याज चालूच. म्हणून मागणी आधी उचलीची हवी, मागाहून भरपाईची नव्हे.

आपला 'फेडणे' हा शब्द दुसऱ्या टोकाकडून पाहतो. लुगडे फेडतात, नवस फेडतात, कर्जही फेडतात. अंगाभोवती गुंडाळलेले सोडवायचे. थैलीचा मालक इथे दिसत नाही, जखडलेला माणूस दिसतो.

कायद्यालाही तो कधीकधी दिसला आहे. पुणे-नगरकडे 1875 साली शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या; त्यानंतर 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला. पुणे, सातारा, नगर यांबरोबर आपला सोलापूर जिल्हाही त्यात होता. कर्जरोख्यावर अंगठा आहे एवढ्यावर न थांबता, मुळात किती दिले-घेतले हे कोर्टाने तपासावे, असे त्यात होते. पुढे 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने वेठबिगारीचे कर्ज फेडण्याची जबाबदारीच रद्द केली. त्यानंतर अशा कर्जापोटी जो पैसे घेईल, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे.