जीप तीच, भाग सतरा गावचे

(दहावी १९८८ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला सांगितलं, "तुझ्या कामाबद्दल बोल, पण वीस मिनिटांत." माझं काम तुम्हाला माहीत आहे. गॅरेज. पण गेली काही वर्षं माझ्याकडे जुन्या जीप दुरुस्तीला कमी आणि ओळख पटवायला जास्त येतात. मालक विचारतो, "ही नक्की कुठली? किती सालची? यातलं खरं किती?" मी दोन दिवस गाडीखाली झोपतो आणि कागदावर लिहून देतो. टेक्निकलच्या तासाला सरांनी व्हर्निअर धरायला शिकवलं, त्यावर माझं पोट चालतंय. सर समोर बसलेत म्हणून म्हणत नाही, खरंच सांगतो.

आज एकाच जीपबद्दल बोलणार आहे. ती आपल्याच वर्गातल्या एका मित्राच्या घरची. त्याने परवानगी दिली, पण नाव घेऊ नकोस म्हणाला. मी नाव घेत नाही, तुम्ही ओळखालच. कारण तुमच्यापैकी निम्मे जण त्या जीपमध्ये बसलेले आहेत. तालुक्याच्या कबड्डीच्या सामन्यांना आपण चौदा जण तिच्यात कोंबून गेलो होतो. परतताना रात्री ती रस्त्यात बंद पडली, तेव्हा त्याच्या वडिलांनी हेडलाइटचा एक नट सैल करून दिवाच मागे फिरवला आणि इंजिनावर उजेड पाडला. आठवतंय? तो दिवा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

जीपमध्ये सरमिसळ इतकी का होते, ते आधी सांगतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने लष्करासाठी जीपचा एक नमुना ठरवला आणि तो दोन कंपन्यांकडून बनवून घेतला. टोलेडोच्या विलीसची ती 'एम.बी.' आणि फोर्डची ती 'जी.पी.डब्ल्यू.'. दोन्ही मिळून सहा लाखांहून जास्त गाड्या झाल्या. अट अशी, की एकीचा भाग दुसरीला बसलाच पाहिजे. युद्ध संपल्यावर कितीतरी गाड्या लष्कराच्या लिलावात निघाल्या, ज्याला आपल्याकडे 'डिस्पोजलचा माल' म्हणत. त्याच सुमारास महिंद्रांनी मुंबईत माझगावला विलीसच्या जीप जोडायला घेतल्या आणि पुढे सीजे-३बी हे मॉडेल कित्येक वर्षं इथेच बनत राहिलं. आता गंमत बघा. युद्धातली जीप आणि महिंद्राची ही जीप, दोघींच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर तेच, साधारण ८० इंच. म्हणजे एकीचा सदरा दुसरीला थोडा खालीवर करून होतोच. त्यात मुंबईचं कुर्ला, पुण्याचा जुना बाजार, पलीकडे हरियाणातलं डबवाली, जिथे सुट्या भागांतून अख्ख्या जीप उभ्या करतात. अशा परिस्थितीत ऐंशी वर्षं चाललेली जीप एका आईची लेक राहील कशी?

तर आपल्या मित्राच्या घरी वाटणीचा विषय निघाला. दोन भाऊ, एक बहीण. शेत वाटून झालं, घर वाटून झालं, उरली जीप. बाहेरून एक गिऱ्हाईक आलं. म्हणालं, "ही १९४३ ची अस्सल फोर्ड असेल तर सांगाल ती किंमत. नसेल तर निम्म्याहून कमी." घरात दोन मतं होती. वडील जाईपर्यंत सांगत, आजोबांनी लिलावात घेतली ती हीच. पण एक चुलते म्हणायचे, "कसली हीच? ती जुनी कधीच भंगारात गेली. ही दुसरीच उभी केलीय." मला बोलावलं ते हे ठरवायला.

मी नंबर आधी बघत नाही. नंबर बदलता येतो, पट्टी नवी ठोकता येते. आधी गाडीचा सांगाडा बघतो. बॉनेट उघडून जाळीमागे खाली वाकलं, की चासीच्या दोन लाँग मेंबरांना जोडणारा आडवा भाग दिसतो. विलीसने तिथे गोल नळी वापरली, फोर्डने पालथ्या पन्हाळीसारखा दाबलेला पत्रा. या जीपला पन्हाळी होती. म्हणजे चासी फोर्डची. डोळे मिटून हात फिरवला तरी हा फरक कळतो.

मग खुणा. फोर्डला आपल्या मालाचा भारी अभिमान. ब्रॅकेटवर, हुकावर, अगदी बोल्टच्या डोक्यावरही त्यांनी आपला वळणदार इंग्रजी 'एफ' उमटवला. मी तारेच्या ब्रशने गंज काढत गेलो. पुढच्या भागात असे अकरा बोल्ट सापडले. मागच्या भागात एकही नाही. म्हणजे मागचा भाग कधीतरी पूर्ण उघडला गेला होता.

मागची चाकं बघितली. युद्धातल्या जीपच्या मागच्या चाकाच्या मधोमध बोल्टांनी आवळलेली चकती असते, कारण तिथे आस चाकाला फक्त फिरवतो, वजन हाउसिंग पेलतं. नंतरच्या नागरी जीपला तिथे एकच मोठा नट असतो. इथे मोठा नट होता. मागचा आस महिंद्राचा. गिअरबॉक्सच्या ओतकामात 'टी-९०' अशी अक्षरं होती. युद्धातल्या जीपला टी-८४ असायचा. म्हणजे गिअरबॉक्सही नंतरचा, नागरी जीपचा.

त्यानंतर आटे. सर, हे तुमच्यासाठी. अमेरिकन बोल्ट इंचाच्या मापाचा, त्यामुळे अर्ध्या इंचाच्या डोक्यावर १३ चा पाना चढतो खरा, पण खुळखुळतो. आट्याचं गेज लावलं तर तीन अष्टमांश इंचाच्या बारीक आट्याच्या बोल्टला इंचात २४ आटे. इंजिनाकडे आलो आणि गेजच बदलावं लागलं, सगळे आटे मिलिमीटरचे. इंजिन प्यूजोचं डिझेल, एक्सडीपी ४.९०, जे महिंद्रा आपल्या जीपमध्ये बसवत होते. मूळ पेट्रोल इंजिन फ्लॅटहेड, बुटकं. हे उंच. म्हणून बॉनेटला मधोमध ठोकून उंचवटा काढलेला. जिथे बॉनेटला टेंगूळ, तिथे इंजिन परकं, असा माझा ठोकताळा आहे.

शेवटी बुजवलेली भोकं. हे मला सगळ्यांत आवडतं. ही जीप उजव्या स्टिअरिंगची. पण युद्धातल्या या जीप डाव्या स्टिअरिंगच्याच बनल्या. मी फायरवॉलच्या डाव्या बाजूचा रंग खरवडला. तिथे गॅस वेल्डिंगने लावलेलं गोल ठिगळ निघालं आणि डाव्या लाँग मेंबरवर स्टिअरिंग बॉक्सची रिकामी भोकं. मागे उघडणारं फळकंही असंच. लष्करी जीपला ते नसतं, मागची बाजू बंद. इथे ते कापून बनवलेलं, कडा हाताने दुमडलेल्या, कारखान्याचे स्पॉट वेल्ड कुठेच नाहीत.

पुढची जाळी मात्र नऊ फटींची. नागरी जीपला सात असतात. आणि दिवे जाळीच्या आत, मागे फिरणारे. डाव्या दिव्याचा नट अजून हाताने सैल होतो. ज्याने तुम्हाला त्या रात्री घरी पोचवलं, तो दिवा अस्सल आहे मंडळी!

एवढं झाल्यावर मी नंबराकडे वळलो. विलीसने चासीचा नंबर पट्टीवर दिला, फोर्डने थेट डाव्या लाँग मेंबरच्या वरच्या बाजूला ठोकला. रंगाचे पाच थर होते. कानस लावायची नाही, नंबराला कधीच नाही. रंग विरघळवून, कापडाने पुसत पुसत तळाचा लष्करी हिरवा लागला आणि त्याखालून अक्षरं आली, जी.पी.डब्ल्यू. आणि पुढचे आकडे. खोली सारखी, आजूबाजूला घासल्याची खूण नाही. मित्राच्या बहिणीने आजोबांचं आर.सी. बुक आणलं. शाईने लिहिलेलं, कडा वाळवीने खाल्लेल्या. मी एकेक आकडा मोठ्याने वाचला, ती बोट ठेवत गेली. शेवटचा आकडा जुळला तेव्हा ती काही बोलली नाही. उठून आत गेली आणि वडिलांच्या फोटोसमोर ते पुस्तक ठेवून आली.

म्हणजे आजोबांनी घेतलेली गाडी तीच. पण गिऱ्हाइकाला हवी तशी अस्सल? नाही. चासी, जाळी, पुढचे दिवे फोर्डचे. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा आस महिंद्राच्या जीपचा. सहा व्होल्टची वायरिंग जाऊन बारा व्होल्टची आलेली. मागचं फळकं गावातल्या पत्राकारागिराचं.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात जपलेली गाडी, चासी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार न केलेली, अशी अट आहे. त्या अटीत ही बसत नाही, हे मी स्पष्ट लिहिलं.

गिऱ्हाइकाने वाचलं आणि मला बाजूला घेऊन म्हणालं, "डॅशबोर्डच्या पट्ट्या नव्या मिळतात, मी आणतो. जुनं इंजिनही बघू कुठे मिळतं का. तुम्ही फक्त कागदावर 'अस्सल' लिहा." पट्ट्या मिळतात हे खरं आहे. हौशी लोक त्या शोभेला लावतात, त्यात काही वावगं नाही. पण त्या दाखवून किंमत घ्यायची म्हणजे दुसऱ्याच्या गळ्यात खोटं बांधायचं. आणि चासीचा नंबर बदलणं हा तर गुन्हाच. मी नाही म्हटलं. मला भीती होती मित्राची, कारण पैसा त्याचा जाणार होता. तो म्हणाला, "तू लिहिलंयस तेच राहू दे."

मग आम्ही तिघा भावंडांना घेऊन यादीसमोर साल लिहायला बसलो. उजवं स्टिअरिंग आजोबांनी करून घेतलेलं, बैलगाड्यांना ओलांडताना समोरचं दिसेना म्हणून. मागचं फळकं द्राक्षांच्या पेट्या चढवायला. डिझेल इंजिन १९८८ चं, आपण दहावीत होतो ते वर्ष. पेट्रोल परवडेना आणि मुलाला कॉलेजला पाठवायचं होतं. माझ्या यादीत ज्याला 'परका भाग' म्हटलंय, तो त्या घरातला एकेक निर्णय होता.

मित्रांनो, या धंद्याने मला एवढंच शिकवलं. 'मूळ' आणि 'तीच' हे दोन वेगळे शब्द आहेत. कारखान्यातून निघाली तशी राहिली ती मूळ. घरात राहिली, राबली, बदलत गेली ती तीच. दोन्हींना किंमत आहे, फक्त एकीचं नाव दुसरीला देऊ नये.

जीप विकली गेली नाही. निम्म्याहून कमी किमतीचे तीन भाग करण्यात कुणालाच राम वाटला नाही. आता ती मळ्यात आहे आणि आर.सी. बुकासोबत भागांची यादी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेली आहे.

तुमच्याही घरी आजोबांची स्कूटर, वडिलांची गाडी असेल. रंगवायच्या आधी नंबराचा फोटो काढा. त्यावर कानस चालवू देऊ नका. बदललेला भाग फेकू नका, नावाची चिठ्ठी लावून ठेवा. आणि काय, कधी, का बदललं ते घरातली मोठी माणसं आहेत तोवर विचारून वहीत लिहा. बोल्ट मी ओळखू शकतो, कारण तुम्हालाच सांगावं लागेल.