मोटारीची किंमत आणि मोटारीचा खर्च



आजचा विषय साधा आहे, परंतु अनेक कुटुंबांच्या पाच-सात वर्षांच्या जमाखर्चाशी तो निगडित आहे. नोकरदार माणूस आयुष्यात घरानंतर सर्वात मोठा खर्च करतो तो बहुधा मोटारीवर. घर घेताना तो दहा जणांचा सल्ला घेतो, मोटार घेताना मात्र “ॲव्हरेज किती देते?” या एकाच प्रश्नावर निर्णय होतो. या प्रश्नाचे उत्तर डिझेल मोटारीच्या बाजूने असते. म्हणून डिझेलवर चालणारी, मागे डिकी असलेली, पाच जणांचे कुटुंब सुखाने नेणारी सेडान स्वस्त पडते, असा समज आपल्याकडे खोलवर रुजला आहे. हा समज कितपत खरा आहे, याचा आज आपण विचार करू.

हा समज निर्माण होण्यास कारणे होती. डिझेल इंजिनात हवेवर मोठा दाब देऊन ती इतकी तापविली जाते की, ठिणगीवाचून इंधन पेट घेते. या पद्धतीत इंधनातील उष्णतेचा अधिक भाग चाकांपर्यंत पोहोचतो. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा अधिक ऊर्जा असते. त्यामुळे तितक्याच इंधनात डिझेल मोटार अधिक अंतर कापते. त्यात सरकारी धोरणाची भर पडली. शेती आणि मालवाहतूक यांचा विचार करून डिझेलचा भाव दीर्घकाळ कमी ठेवण्यात आला होता. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल लिटरला ७३ रुपयांवर, तर डिझेल ४१ रुपयांच्या आसपास होते. डिझेल इंडिका १९९८ च्या अखेरीस पुण्याजवळच्या पिंपरी-चिंचवडमधून बाजारात आली होती आणि २००२ मध्ये तिच्यामागोमाग इंडिगो ही सेडान आली. २००८ मध्ये डिझायर आली. तालुक्याच्या गावी डॉक्टर, वकील, शिक्षक यांच्या दारात डिझेल मोटार उभी राहिली, ती या काळात.

पुढे परिस्थिती पालटली. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि दोन इंधनांमधील तफावत घटत गेली. जून २०२० मध्ये तर दिल्लीत काही काळ डिझेल पेट्रोलपेक्षा महाग झाले होते. त्याच वर्षी १ एप्रिलपासून भारत स्टेज सहा ही धूरविषयक मानके देशभर लागू झाली. ती पाळण्यासाठी डिझेल इंजिनाला काजळी अडविणारी गाळणी आणि इतर महाग उपकरणे जोडणे भाग पडले. छोट्या मोटारीत हा खर्च परवडेना. काही कंपन्यांनी २०२० मध्येच डिझेल मोटारी बंद केल्या. २०२३ मध्ये आणखी काही लोकप्रिय डिझेल सेडान बंद झाल्या. परिणामी मध्यमवर्गीय कुटुंबासमोर आज डिझेल सेडानचा प्रश्न येतो तो मुख्यत्वे जुन्या बाजारात. पाच ते दहा वर्षे वापरलेली मोटार चार लाखांच्या घरात मिळते, इंधनही वाचते, मग ती का घेऊ नये, असा हा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर कागद-पेन्सिल घेऊन काढता येते. पुढील आकडे हिशेबापुरते धरलेले आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपल्या गावचे दर आणि आपल्या पसंतीच्या मोटारीचे आकडे घालावेत. समजा, पेट्रोल लिटरला १०४ रुपये आणि डिझेल ९१ रुपये आहे. पेट्रोल सेडान लिटरमागे १६ किलोमीटर आणि डिझेल सेडान २० किलोमीटर जाते. म्हणजे पेट्रोलचा खर्च किलोमीटरला ६ रुपये ५० पैसे आणि डिझेलचा ४ रुपये ५५ पैसे होतो. बचत झाली १ रुपया ९५ पैशांची. डिझेलच्या बाजूने जे काही सांगता येईल, ते या १ रुपया ९५ पैशांत सामावलेले आहे. त्यातून वाढीव खर्च वजा जाता काय उरते, एवढेच पाहावयाचे आहे.

पहिला वाढीव खर्च देखभालीचा. डिझेल इंजिनातील दाब मोठा असल्याने त्याचे भाग भक्कम, म्हणून महाग असतात. इंजेक्टर, उच्च दाबाचा पंप, टर्बो, क्लच हे भाग वर्षानुवर्षे तक्रार करीत नाहीत; पण करू लागले की एकेका दुरुस्तीचे बिल काही दहा हजारांच्या घरात जाते. नित्याच्या सर्व्हिसिंगसाठी वर्षाला ५ हजार आणि मोठ्या दुरुस्तीची तरतूद म्हणून १० हजार रुपये पेट्रोलपेक्षा अधिक धरू. दुसरा खर्च घसाऱ्याचा. डिझेल मोटारींविषयीची धोरणे कडक होत असल्याने पाच वर्षांनी ती विकताना गिऱ्हाईक भाव पाडणार. हा जादा तोटा वर्षाला १० हजार धरू. एकूण वाढीव बोजा झाला २५ हजार रुपयांचा. याला १ रुपया ९५ पैशांनी भागले असता सुमारे १२ हजार ८०० किलोमीटर येतात. वर्षाला एवढी, म्हणजे रोज सरासरी ३५ किलोमीटर मोटार चालली, तर डिझेल आणि पेट्रोल बरोबरीत सुटतात. त्याहून कमी चालल्यास डिझेल तोट्यात जाते.

आता दोन शिक्षकांचा विचार करू. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी वर्षाला किमान २२० दिवस शाळा भरावी असे म्हटले आहे. पहिल्या शिक्षकाची शाळा घरापासून १२ किलोमीटरवर आहे. जाऊन-येऊन २४ किलोमीटरप्रमाणे वर्षाचे ५ हजार २८० किलोमीटर झाले. लग्नकार्ये, देवदर्शन आणि गावी जाणे यांसाठी अडीच हजार धरले, तरी एकूण ८ हजारांच्या आत राहतात. दुसऱ्याची शाळा ४० किलोमीटरवर आहे. त्याचे याच रीतीने २० हजारांच्या आसपास होतात. पहिल्याची इंधनबचत वर्षाला १५ हजार ६०० रुपये आणि वाढीव बोजा २५ हजार. म्हणजे ९ हजार ४०० रुपयांची तूट, पाच वर्षांत ४७ हजारांची. दुसऱ्याची बचत ३९ हजार. बोजा वजा जाता १४ हजार उरतात, पाच वर्षांत ७० हजार. एकाच मोटारीच्या बाबतीत एकाचा निर्णय शहाणपणाचा ठरतो, तर दुसऱ्याचा तोट्याचा. फरक आहे तो फक्त शाळेच्या अंतराचा.

अंतराइतकेच महत्त्व प्रवासाच्या प्रकाराला आहे. २०२० नंतरच्या अनेक डिझेल मोटारींत असलेल्या गाळणीत काजळी साठते. ती जळून जाण्यासाठी मोटार मोकळ्या रस्त्यावर काही वेळ सलग वेगाने चालावी लागते. घर ते बाजार, बाजार ते शाळा अशा दोन-चार किलोमीटरच्या खेपा करणाऱ्याची गाळणी तुंबते आणि वाचविलेले पैसे गॅरेजमध्ये जातात. याउलट महामार्गावरून रोज दूर जाणाऱ्यास हा त्रास सहसा होत नाही.

आता कर्जाकडे वळू. चार लाख रुपये दरसाल ११ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे ८ हजार ७०० रुपये येतो आणि एकूण व्याज सुमारे १ लाख २२ हजार होते. पहिल्या शिक्षकाची मोटार पाच वर्षांत ४० हजार किलोमीटर चालेल. म्हणजे दर किलोमीटरला तीन रुपयांहून अधिक रक्कम केवळ व्याजापोटी जाते. इंधनातील १ रुपया ९५ पैशांसाठी आपण वाद घालतो आणि या तीन रुपयांकडे पाहतही नाही! कमी चालणाऱ्या मोटारीत इंधनापेक्षा भांडवल महाग पडते. म्हणून कमी प्रवास असणाऱ्याने कोणते इंधन हे ठरविण्याआधी कर्ज किती घ्यावे हे ठरवावे. दीड-दोन लाख रक्कम स्वतःची जमवून मगच मोटार घेणे हीच त्याच्यासाठी मोठी बचत होय.

जुनी मोटार घेताना कागदपत्रे नीट पाहावीत. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते आणि पर्यावरण करही भरावा लागतो. दहा वर्षांची मोटार पाच वर्षांच्या कर्जाने घेणाऱ्याचा शेवटचा हप्ता आणि नोंदणीची मुदत एकाच सुमारास संपते, हे ध्यानात घ्यावे. परराज्यातील, विशेषतः दिल्लीकडील डिझेल मोटारी स्वस्त मिळतात. त्या भागात दहा वर्षांवरील डिझेल वाहनांवरील बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केली होती. २०२५ मध्ये न्यायालयाने त्यात काही सवलत दिली. मात्र असे वाहन येथे आणून बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवावयाचे असेल, तर येथील नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि येथील कर भरावा लागतो. तो धरल्याशिवाय स्वस्ताईचा हिशेब पुरा होत नाही. आपल्याकडे म्हण आहे, चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. बँकेचा बोजा उतरल्याची नोंद, विमा आणि सर्व्हिसिंगच्या नोंदी स्वतः पाहाव्यात. हस्तांतरणाचे नमुने २९ व ३० त्याच वेळी भरून घ्यावेत आणि व्यवहारापूर्वी आपल्या विश्वासातील मेस्त्रीकडून इंजिन तपासून घ्यावे.

एक खर्च मात्र आपल्या वहीत येत नाही. डिझेलच्या धुराने माणसाला कर्करोग होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये दिला. शाळेच्या फाटकासमोर इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या जुन्या मोटारीचा धूर आपल्याच विद्यार्थ्यांच्या छातीत जातो. गाळणी काढून टाकल्यास ॲव्हरेज वाढते, असे सांगणारे लोक भेटतात. त्यांचे मुळीच ऐकू नये.

तेव्हा डिझेल वाईट आणि पेट्रोल चांगले, असा निकाल मी देत नाही. रोज लांबचा, सलग प्रवास करणाऱ्यास चांगल्या स्थितीतील डिझेल सेडान आजही लाभाची ठरू शकते. ज्याचा प्रवास थोडा आहे, त्याने पेट्रोल, सीएनजी अथवा विजेवरील मोटारीचा हिशेब याच पद्धतीने मांडून पाहावा. क्वचितच प्रवास असेल, तर एस. टी. आणि प्रसंगी भाड्याची मोटार हे उत्तरही त्याच वहीतून निघू शकेल. आपण सर्वजण गावात चार लोकांना सल्ला देणारी माणसे आहात. कोणी विचारावयास आला, तर “ॲव्हरेज किती?” याआधी “वर्षाला किती किलोमीटर?” असे त्यास अवश्य विचारावे. एका कुटुंबाचे चाळीस-पन्नास हजार रुपये वाचले, तर त्यांत एखाद्या मुलीच्या महाविद्यालयीन शिक्षणाचा खर्च निघू शकतो.