ठेवलेलं उगवतं का?
(१९९८ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या तुकडीतले बहुतेक जण १९८२ च्या आसपास जन्मलेले. त्याच वर्षी २६ ऑगस्टला चंद्रपूरमधून वेगळा होऊन आपला गडचिरोली जिल्हा झाला. म्हणजे आपण आणि आपला जिल्हा एकाच वयाचे. दोघांच्याही नोंदी आता बऱ्याच जमल्या आहेत, आणि आज मला त्या नोंदींबद्दलच बोलायचं आहे.

संयोजन समितीने निरोप दिला होता, "तुझ्या कामातलं सांग, पण आम्हाला कळेल आणि उपयोगी पडेल असं सांग." मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. गेली वीसेक वर्षं माझं काम एकाच प्रश्नाभोवती फिरतं: कॉम्प्युटरमधली माहिती गेली तर ती परत कशी आणायची? त्यासाठी आधी जी प्रत करून ठेवतात तिला सगळे बॅकअप म्हणतात, मीही तेच म्हणते. विषय घेतला आहे जुन्या कॉम्प्युटरचा आणि त्यावर अडलेल्या बॅकअपचा. किरकोळ वाटेल. पण कुणाच्या दुकानात टॅलीचा जुना कॉम्प्युटर आहे, कुणाच्या दवाखान्यात पेशंटच्या नोंदींचा, कुणाच्या घरी आईवडिलांच्या फोटोंचा. तो चालू आहे तोवर त्याच्याकडे कुणी बघत नाही.

एक उदाहरण सांगते. आपल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाला, हे आपण अभिमानाने सांगतो. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी त्या गावात येऊन बांबूच्या वाहतुकीचं पासबुक ग्रामसभेच्या हाती दिलं. पुढे जिल्ह्यातल्या कित्येक ग्रामसभा बांबू आणि तेंदूपत्ता स्वतः विकू लागल्या. हक्क आला तसा हिशोबही आला. तेंदूच्या फळीवर कुणी किती पुडे आणले, मजुरी किती झाली, बोनस किती निघाला, हे सगळं लिहून ठेवायची जबाबदारी आता गावाची. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. एका हंगामात एका गावाच्या किती नोंदी होत असतील, याचा अंदाज करा.

२०१९ च्या दिवाळीत मी गावी आले होते. ग्रामसभांबरोबर काम करणारी आपलीच एक वर्गमैत्रीण मला अशा एका गावाच्या कार्यालयात घेऊन गेली. गावाचं नाव सांगत नाही. तिथे दहा-अकरा वर्षांपूर्वी कुणीतरी देणगी दिलेला विंडोज एक्सपीचा कॉम्प्युटर होता. बॅकअपचा प्रोग्राम मधेच थांबतो, एवढी तक्रार होती. काम बघणारा मुलगा प्रामाणिक होता. मला म्हणाला, "मॅडम, बॅकअप तं दर शनिवारी घेतो न जी मी. वहीत सही बी आहे." आणि खरंच, वहीत प्रत्येक शनिवारची सही होती.

तपासायला बसलो तेव्हा पहिली गोष्ट दिसली ती तारीख. कॉम्प्युटर म्हणत होता १ जानेवारी २००२. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक सेल असतो, सीआर २०३२ म्हणतात. वीज नसताना घड्याळ त्याच्यावर चालतं. काही वर्षांनी तो सेल संपतो, मग दर वेळी लाइट गेली की घड्याळ आपल्या जन्मतारखेला जाऊन बसतं. आपल्याकडे लाइट जायला ढग आले तरी पुरतात. बॅकअपचं वेळापत्रक २००९ सालापासून सुरू असं लावलेलं होतं. कॉम्प्युटरच्या लेखी ते सुरू व्हायला अजून सात वर्षं होती, म्हणून आपोआप होणारा बॅकअप कधीचाच बंद पडला होता.

त्याची जागा त्या मुलाने हाताने भरून काढली होती. तो शनिवारी बटण दाबायचा. काही वेळाने डिस्क भरली अशा अर्थाचा संदेश यायचा, तो ओके करायचा आणि सही करायचा. बाहेरची हार्ड डिस्क तर जवळपास रिकामी होती. मग भरलं काय? ती डिस्क फॅट ३२ या जुन्या पद्धतीने आखलेली होती. आपल्या हजेरीपटात जसा रकाना ठरावीक रुंदीचा असतो, तसा या पद्धतीत फाइलचा आकार लिहायचा रकाना ठरावीक आहे. त्यात चार जीबीपेक्षा मोठा आकडा मावत नाही. बॅकअपचा प्रोग्राम सगळ्या नोंदी एकाच मोठ्या फाइलमध्ये बांधत होता. गावाचे फोटो वाढले, नकाशे वाढले, गाठोडं चार जीबीला पोचलं आणि तिथेच थांबलं. क्रमाने शेवटी येणारे फोल्डर त्यात शिरलेच नाहीत. आणि तेंदूच्या हिशोबाचे फोल्डर नेमके शेवटी होते.

दुरुस्ती अवघड नव्हती. पण अशा वेळी पहिलं काम बॅकअपचा प्रोग्राम दुरुस्त करण्याचं नसतं. जुनी हार्ड डिस्क कधी बसेल सांगता येत नाही, आणि ही तर कटकट आवाज करत होती. आधी माल बाहेर काढायचा, कुलूप नंतर बघायचं. म्हणून आम्ही कुठलाही प्रोग्राम न वापरता साध्या फाइली जशाच्या तशा नव्या डिस्कवर उतरवल्या. त्यानंतर सेल बदलला, तारीख लावली आणि जुनी डिस्क एनटीएफएस पद्धतीने नव्याने आखली.

एवढं होऊनही एक फोल्डर वाचता आलं नाही. एका हंगामाचा तेंदूचा हिशोब त्यात होता आणि त्या हंगामाचा बोनस वाटायचा राहिला होता. मूळ डिस्कवर ती जागा खराब झालेली, बॅकअपमध्ये ते फोल्डर नाही. कार्यालयात शांतता पसरली. तो मुलगा तर रडायच्या बेतात होता.

शेवटी उपयोगी पडली ती कार्डं. फळीवर पुडे मोजून घेताना प्रत्येक घराला एक कार्ड मिळतं, त्यावर रोजची नोंद असते. दुसऱ्या दिवशी गावातल्या बायांनी ती कार्डं आणली. कुणी लोखंडी पेटीतून, कुणी देवाच्या फोटोमागून, कुणी तांदळाच्या डब्यातून. बहुतेक घरांची निघाली. काहींची उंदरांनी खाल्ली होती. त्यांच्याबद्दल ग्रामसभा बसली, शेजारपाजारच्यांना विचारलं, आकडा ठरला. माझ्या मैत्रिणीने आणि त्या मुलाने तो हंगाम पुन्हा टाइप केला. पंचवीस हजारांच्या डिस्कने नाही, वेगवेगळ्या घरांत राहिलेल्या कागदाने त्या गावाचे पैसे वाचवले.

आता ही गोष्ट फक्त खेड्यातली, जुन्या यंत्राची, असं समजू नका. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब नावाच्या जगप्रसिद्ध कंपनीत एका इंजिनिअरकडून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला गेला. त्यांच्याकडे बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या व्यवस्था होत्या. संकटात हात घातला तेव्हा पाचातली एकही धड चालत नव्हती. एक तर बरेच दिवस बंद पडली होती. तशी सूचना देणारी ईमेलही निघत होती, पण ती पोचत नव्हती. शेवटी कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी काढलेली सहा तास जुनी प्रत सापडली आणि कंपनी सावरली. त्याआधी १९९८ मध्ये, म्हणजे आपण दहावीचा पेपर देत होतो त्या वर्षी, अमेरिकेत पिक्सारच्या टॉय स्टोरी २ या सिनेमाचं बरंचसं काम पुसलं गेलं आणि बॅकअपही बिघडलेला निघाला. गेलिन सुसमन नावाच्या तांत्रिक दिग्दर्शिकेला बाळ झालं होतं, त्यामुळे ती घरून काम करायची. तिच्या घरच्या कॉम्प्युटरवर प्रत होती. पांघरुणात गुंडाळून तो कॉम्प्युटर गाडीतून ऑफिसात आणला, तेव्हा सिनेमा वाचला.

तिन्ही ठिकाणी बॅकअप घेतला जात होता, असंच सगळे समजत होते. तो परत उघडून मात्र कुणी पाहिला नव्हता.

आपल्यातल्या अनेकांच्या घरी धान होतं. ढोलीतलं बियाणं आहे एवढ्यावर आपले बाप-आजे थेट पऱ्हे टाकत नव्हते. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, ओल टिकवायची आणि आठवड्याभराने उघडून मोजायचं. ऐंशी उगवले तर बियाणं चांगलं. बॅकअपलाही हीच उगवणचाचणी लागते. त्या गावात वहीत सही होती, म्हणजे बियाणं ढोलीत होतं. उगवतं का, हे कुणी बघितलं नव्हतं.

म्हणून तुमच्यासाठी पाचच गोष्टी सांगते.

एक, महिन्यातून एकदा बॅकअपमधल्या चार-पाच फाइली दुसऱ्याच कॉम्प्युटरवर उघडा. त्याच कॉम्प्युटरवर उघडून काही कळत नाही. एक्सपीतल्या जुन्या बॅकअप प्रोग्रामने बांधलेलं गाठोडं आजच्या विंडोजवर सरळ सुटत नाही, हे तेव्हाच समजतं. शक्य असेल तर गाठोडं बांधूच नका, साध्या फाइली कॉपी करा.

दोन, फाइल उघडली म्हणजे वाचता आली असं नाही. युनिकोडच्या आधी आपण मराठी ज्या फॉन्टमध्ये टाइप करत होतो, तो फॉन्ट नव्या कॉम्प्युटरवर नसेल तर नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा भाजीपाला दिसतो. फॉन्टची फाइलही बॅकअपमध्ये ठेवा, आणि सवडीने मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या.

तीन, बॅकअपची डिस्क काम झालं की काढून ठेवा. कायम जोडलेली असेल तर वीज कडाडली किंवा व्हायरस आला की दोन्ही बरोबरच जातात.

चार, एक प्रत दुसऱ्या गावी ठेवा. २०२० च्या ऑगस्टअखेर गोसेखुर्दचं पाणी सुटलं आणि वैनगंगेने ब्रह्मपुरी, वडसा भागाची काय दशा केली ते आपण पाहिलं. एकाच कपाटातल्या तीन प्रती म्हणजे एकच प्रत. इंटरनेटवर ठेवणार असाल तर उत्तम, पण पावसाळ्यात पर्लकोटा फुगली की भामरागडला रस्ता नसतो, तिथे नेटवर्कच्या भरवशावर काय राहणार? आणि फोनमधला फोटो पुसला की इंटरनेटवरचाही पुसला जातो अशी सोय असेल, तर तो बॅकअप नाही.

पाच, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: ज्याने बॅकअप घेतला त्याने तो तपासू नये, दुसऱ्याने तपासावा. यात अविश्वास नाही. आपण शाळेत गणिताच्या वह्या अदलाबदल करून तपासायचो ना, तसंच. त्या मुलावर कुणी रागावलं नाही, कारण त्याला बटण दाबायला शिकवलं होतं, उघडून बघायला कुणी शिकवलंच नव्हतं. आता त्या गावच्या वहीत दोन रकाने आहेत: कुणी घेतला आणि कुणी उघडून पाहिला.

शेवटी आपल्या घरचं. या मेळाव्यासाठी समितीने आपल्या तुकडीची यादी, जुने फोटो, सरांच्या आणि मॅडमच्या आवाजातल्या आठवणी असं खूप काही गोळा केलं आहे. त्यातल्या काही गुरुजनांचा आवाज आता फक्त तेवढाच उरला आहे. हे सगळं सध्या एका लॅपटॉपवर आहे, असं मला काल कळलं. माझी विनंती आहे की आज घरी जाण्याआधी त्याच्या तीन प्रती व्हाव्यात. एक इथे गडचिरोलीत, एक चंद्रपूरला, आणि तिसरी पुण्याला न्यायला मी तयार आहे. दर वर्षी दिवाळीत आपण एकमेकांच्या प्रती उघडून पाहू आणि ग्रुपवर एवढंच कळवू की उघडली, ऐकू आली.

आपण मला बोलायला बोलावलंत आणि एवढा वेळ शांतपणे ऐकून घेतलंत. वर्गात मी बोलत असताना हे कधी झालं नव्हतं.